पांढरी सावली

आमच्याकडे माणूस गेला की तो पिकअप गाडीच्या मागच्या काचेवर येऊन बसतो. हसू नका, खरं तेच सांगते. पांढऱ्या व्हिनाइलमधून, म्हणजे चिकट प्लॅस्टिकच्या कागदातून, कापलेलं चित्र, हरणाची शिंगं म्हणा, मासा म्हणा, मोटारसायकल म्हणा, आणि त्याखाली नाव आणि दोन सालं. दफनभूमीत जाणं वर्षाकाठी एकदा होतं, गाडी मात्र रोज निघते. दुकानाच्या आवारात, चर्चबाहेर, लाल दिव्यापाशी थांबलं की पुढच्या गाडीच्या काचेवरून कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ आपल्याकडे बघत असतो. सुपीरिअर सरोवराच्या काठावरच्या या आमच्या गावात अशा निम्म्या काचा माझ्या हातच्या आहेत.

हातच्या म्हणजे, कापतं ते मशीनच. पावाच्या डब्याएवढं मशीन आहे, आत बारीक पातं, आणि ते इथे घरोघरी आहे. पण मशीनला फोटो कळत नाही. फोटो म्हणजे नुसता ठिपक्यांचा ढीग. मशीनला लागते रेघ, कुठून निघायचं आणि कुठे येऊन मिटायचं हे ठाऊक असलेली रेघ. फोटोची अशी रेघ करून देणं हे माझं काम. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर शिकले आणि आता गावभरच्या बायका मला फोटो पाठवतात. काही शहाण्या घरीच एक बटण दाबून आपोआप फाइल करून घेतात, आणि मग रडत येतात. "एल्मा, माझ्या सासऱ्याचा डोळाच गळून पडला गं!" पडणारच. डोळ्याचा मधला तुकडा चेहऱ्याला धरून ठेवायला बारीकसा पूल सोडावा लागतो, तो सोडायला बटणाला अक्कल नाही. ती मला आहे.

कापून झालं की राहते निंदणी. म्हणजे नको असलेलं व्हिनाइल बारीक आकड्यानं उपटून काढायचं, वाफ्यातलं तण काढतात तसं. हे काम माझ्या नवऱ्याचं, रेनोचं. उभा जन्म लाकूडगिरणीत गेलेला माणूस, बोटं काकडीएवढी, पण आकडा हातात आला की हरणाच्या पापणीलाही धक्का लागायचा नाही. फक्त उपटलेले तुकडे कुठे टाकतो त्याचं भान नाही. व्हिनाइल चिकट, ते अंगाला चिकटतं. एकदा चर्चमध्ये प्रसादाच्या रांगेत हा गंभीर चेहरा करून उभा, आणि पाठीवर बदकाचं पांढरं पिल्लू. पाद्रीबाबांनाही हसू आवरेना.

ही मजा मागच्या मार्चच्या आधीची.

मार्चमध्ये ओनी लाम्पी गेला. ओनी म्हणजे आमचा शेजारी, रेनोचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांच्या घरांमध्ये फक्त बर्चच्या झाडांची एक ओळ. सकाळी बर्फावरच्या गाडीवर बसून तो सरोवरावर मासे धरायला गेला आणि परत आलाच नाही. बर्फ तेव्हा कच्चा होत आला होता. त्याच्या बायकोनं, वर्नानं, त्याला बजावलं होतं, मी रेनोला बजावलं होतं. रेनोला तर डॉक्टरांचीही मनाई होती, हृदयात स्प्रिंग बसवलेली. पण ओनी म्हणजे पालथा घडा. संध्याकाळी वर्ना आमच्या दारात आली तेव्हा तिच्या हातात फोन होता. सकाळी ओनीनं एक फोटो पाठवला होता. दोन्ही हातांत भलाथोरला ट्राउट मासा, तोंडभर हसू, मागेपुढे पांढरंशुभ्र. त्यानंतर काही नाही.

गावातली माणसं चर्चसमोरच्या खाडीवर शोधायला गेली, कारण ओनी नेहमी तिथेच बसायचा. रेनोही गेला. दुपारपासून बर्फ पडत होता, मग वारा सुटला, आणि वाऱ्यानं सगळा बर्फ फोडून सरोवरात लोटला. ना गाडी सापडली, ना माणूस.

वर्नानं अंत्यविधी केला नाही. "कशाचा करू?" म्हणाली. पाद्रीबाबा येऊन गेले, तिची मुलगी टॅमी बोलून बोलून थकली. वर्नाचं एकच पालुपद. "दोन्ही हातांत मासा आहे ना? मग फोटो कुणी काढला?" टॅमी म्हणायची, "आई, बादलीवर फोन ठेवला असेल, आपोआप निघतो." वर्ना मान डोलवायची आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. सगळ्यांनी समजूत करून घेतली की बाई जरा हलली आहे. मीही घेतली. "एल्मा, तो एकटा होता का, एवढं मला कुणी सांगा," ती मला म्हणायची. "एकटा होता असं कळलं तरी चालेल. पण कळू दे. नुसतं वाट बघत बसणं फार वाईट गं."

आणि ती खरंच वाट बघायची. आमच्याकडे शनिवारी साउना तापवतात. लाकडी खोली, शेगडीवर तापलेले दगड, दगडांवर पाणी टाकलं की वाफ. आमच्या जुन्या माणसांची रीत अशी की सगळ्यांचं झालं की शेवटचं पळीभर पाणी दगडांवर टाकून दार लोटून बाहेर यायचं. ती वाफ जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी. लाम्प्यांची साउना मोठी, म्हणून आम्ही दोघं दर शनिवारी तिकडेच जायचो. मार्चनंतर मी एकटी जायला लागले, रेनोचा गुडघा अचानक दुखायला लागला. शेवटचं पाणी वर्ना स्वतः टाकायची आणि दाराला कान लावून उभी राहायची. एकदा तिनं माझा हात धरला.

"ऐकलंस?"

"काय?"

"मी एकदाच टाकलं. दोनदा चर्र झालं."

मी म्हणाले, दगड जुने झालेत, पाणी फटीत साठतं. पण घरी येताना त्या बर्चच्या ओळीतून मी मागे न बघता आले, भर दुपारी.

ऑक्टोबरात टॅमीनं नवी गाडी घेतली आणि आईला न विचारता माझ्याकडे आली. "काचेवर बाबा हवेत मला. नाव आणि सालं घालून." मागोमाग वर्नाही आली, ओला हात एप्रनला पुसत. मला वाटलं आता भांडण. पण ती शांत होती.

"कर," म्हणाली. "तोच फोटो घे. हसतोय त्यात. पण साल घालू नकोस."

"आई, जन्मसाल तरी?" टॅमी म्हणाली.

"एक घातलं की दुसरं आपोआप मागे लागतं. मला माणूस हवाय, सालं नकोत."

टॅमी माझ्याकडे बघून डोळे फिरवत होती. मी म्हणाले, "बरं बाई, नुसता ओनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो उघडला. रेनो बाहेर लाकडं फोडत होता, कुऱ्हाडीचा आवाज येत होता. फोटोवरून रेघ काढताना एक पट्टी सरकवावी लागते. किती काळं असलं म्हणजे काळं धरायचं आणि किती पांढऱ्याला सोडून द्यायचं, ते त्या पट्टीनं ठरतं. डावीकडे ठेवली तर फक्त गडद तेवढंच येतं. तशी ठेवली तर ओनीची टोपी, मिशा, कोट आणि मासा छान आले, पण कमरेखाली माणूस नाहीसाच. त्यानं बर्फावरची फिकट विजार घातलेली. अर्धा ओनी हवेत तरंगतोय, हातात मासा घेऊन. हे मी वर्नाला दिलं असतं तर ती जागीच बसली असती.

म्हणून मी पट्टी उजवीकडे सरकवत गेले. हळूहळू गुडघे आले. पोटऱ्या आल्या. बूट आले, आणि बुटांबरोबर आणखी काहीतरी आलं.

आधी वाटलं बर्फावरची घाण. फोटोतून असे कणबिण येतातच, ते पुसणं हेच माझं निम्मं काम. मी पुसलं आणि पट्टी पुन्हा थोडी सरकवली, कारण डावा बूट अजून तुटका होता. बूट जुळला आणि ते परत आलं, आता जरा मोठं. ओनीच्या पायांपासून निघून चित्राच्या खालच्या कडेपर्यंत, लांबोळकं, कडेला रुंद. मी फोनवर मूळ फोटो काढून डोळ्यांजवळ नेला. काही नाही, पांढरं. साध्या डोळ्याला नुसता बर्फ. पण मशीनला बर्फ आणि बर्फ यांतला फरक दिसत होता.

मी ते तुकडे काळ्या रंगानं भरले आणि खुर्ची मागे सरकवून पाहिलं.

ती सावली होती. सकाळचं तिरपं ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून आलं होतं आणि त्याची सावली बर्फावर ओनीकडे लांब पसरली होती. पाय चित्राबाहेर, मग धड, दोन्ही कोपरं वर उचललेली, फोन धरतात तशी. आणि डोकं नेमकं ओनीच्या बुटांना टेकलेलं. डोक्यावर टोपी. टोपीचा एक कान खाली लोंबणारा, दुसरा कुत्र्याच्या कानासारखा ताठ उभा.

बाहेर कुऱ्हाड चालूच होती.

ती टोपी मला कुणी ओळखून दाखवायची गरज नव्हती. लाल-काळ्या चौकड्यांची, कानपट्ट्यांची. एका पट्टीची दोरी आमच्या पिक्कू कुत्र्यानं पिल्लू असताना चावून तोडली, तेव्हापासून ती पट्टी वर ती वरच. "रेनो, टाक ती टोपी," म्हणून मी वर्षानुवर्षं डोकं फोडलं, तेव्हा ऐकलं नाही त्यानं. आणि आता सप्टेंबरात स्वतःहून दुकानात जाऊन नवी आणली. मी किती खूश झाले होते. म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, सुधारला.

काळजात चर्र झालं म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं. मग एकेक गोष्ट आपणहून पुढे यायला लागली. ओनी गेला त्या दिवशी रेनो "हार्डवेअरच्या दुकानात जातो" म्हणून निघाला होता आणि हात हलवत परत आला होता. विजार मांडीपर्यंत भिजलेली. "धक्क्यापाशी चिखलात पाय गेला," म्हणाला. मी ती शेगडीवर वाळत घातली, दोन शिव्याही दिल्या. संध्याकाळी वर्ना दारात उभी होती तेव्हा ती विजार तिच्या डोक्यावर टांगलेली होती. आणि नंतर याच माणसानं कंदील घेऊन सगळ्यांना चर्चसमोरच्या खाडीवर शोधू दिलं.

मी फाइल बंद केली. मला त्याला विचारायला हवं होतं, तोंडावर, तिथल्या तिथे. मी काही मुखदुर्बळ बाई नाही, गावाला ठाऊक आहे. पण जेवताना तो म्हणाला, "पास्टीच्या सारणात सलगम जास्त घातलास का?" आणि मी म्हणाले, "हो." तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसून राहिले. ज्याच्या शेजारी आपण इतकी वर्षं निजलो त्याला असं काही विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की ते परत पाठवता येत नाही.

त्या आठवड्यात मी ती फाइल किती वेळा नव्यानं केली याला हिशेब नाही. सावली वगळून पाय मिळतात का बघत होते. मिळत नव्हते. दोघांचा पांढरा एकच होता. ओनीला बुटांवर उभं करायचं तर सावली घ्यावी लागत होती, आणि सावली टाकली की ओनी पुन्हा हवेत. शिवाय बूट आणि ती टोपी एकमेकांना अशी टेकली होती की मशीनच्या लेखी ते दोन नव्हतेच, एकच आकार, एकच रेघ. हातानं बुटाची कडा आखून मला ते तोडता आलं असतं. एरवी दिवसातून पन्नास वेळा तोडते. त्या जागी माझा हात जाईना.

आणि मग ती मला सगळीकडे दिसायला लागली. धुतलेल्या चादरीवर, दुधाच्या भांड्यात, पानं झडलेल्या बर्चच्या सालीवर. पांढरं काही दिसलं की मी डोळे बारीक करून बघायची, की यातही कुणी आहे का, पट्टी जरा सरकवली तर. रेनो खिडकीपाशी उभा राहिला की त्याची सावली टेबलावर पडायची आणि मी हात काढून घ्यायची. तो बघायचा, पण विचारायचा नाही. आमच्या घरात दोघांनीही एकमेकांना काही न विचारण्याचा जणू करार झाला होता.

शेवटी शनिवारी सकाळी मी ठरवलं. फाइल जशी निघाली तशी, सावलीसकट, मशीनला दिली. पांढरं व्हिनाइल. पातं ओनीच्या टोपीवरून खाली उतरलं, बुटांवरून न थांबता सावलीत शिरलं, कडेनं फिरून वर आलं आणि मिटलं. मी तो कागद रेनोसमोर टेबलावर ठेवला, आकडा आणि लहान चाकू शेजारी.

"लाम्प्यांचं आहे," मी म्हणाले. "आज साउनाला जाताना द्यायचंय. तू निंद."

"काय ठेवायचं, काय काढायचं?"

"तुला दिसेलच."

आणि मी बाहेर जाऊन कोंबड्यांचं खुराडं झाडत बसले. ते स्वच्छ होतं, तरी झाडलं. मी मनाशी म्हणत होते, देवा, त्याला ती सावली ठेवू दे. नुसती राहू दे. एक शब्द बोलला नाही तरी चालेल, पण ती राहू दे.

आत आले तेव्हा तो सिंकवर हात धूत होता. कागदावर ओनी हसत होता, मासा, कोट, विजार, बूट, सगळं नीट. बुटांखाली स्वच्छ रिकामा कागद. बुटांच्या कडेनं चाकूनं इतकं नाजूक कापलं होतं की शिलाईसारखं दिसत होतं. इतकं सुबक काम त्यानं आयुष्यात केलं नसेल.

"खाली बराच कचरा आला होता," तो पाठमोराच म्हणाला. "काढून टाकला."

"कचरा," मी म्हणाले.

"हो."

मी वर पारदर्शक पट्टी लावली, कागद गुंडाळला. रागानं तो नको इतका घट्ट गुंडाळला. दुःख नंतर आलं.

"मीही येतो आज," तो म्हणाला. "गुडघा बरा आहे."

आता गुडघा बरा होता! चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं, हा बघायला येतोय की वर्नाला काही कळतंय का. मग वाटलं, नाही, कदाचित त्याला वाटत असेल की कापून काढलं म्हणजे गेलं. दोन्हींतलं कुठलं खरं ते मला आजही सांगता येणार नाही.

वर्नाच्या स्वयंपाकघरात कॉफी तयार होती, नीसू, आमचा गोड पाव, कापून ठेवलेला, त्यातल्या वेलदोड्याचा वास दारापर्यंत. टॅमीही होती. रेनोला दारात बघून वर्नाचा चेहरा उजळला. "अरे वा! लंगडा घोडा आला म्हणायचा!" तिनं त्याला मिठी मारली आणि तो काठीसारखा ताठ उभा राहिला. मी कागद उलगडला. वर्नानं तो दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि टोपीपासून बुटांपर्यंत बघत गेली.

"पायसुद्धा आलेत," ती म्हणाली. "मला भीती होती पाय येणार नाहीत."

टॅमी रडायला लागली. वर्नानं कागद जपून टेबलावर ठेवला, कॉफी ओतली, आणि रेनोच्या कपात साखर घालायला वाकली.

"अरे, तुझी सवय काही जात नाही," ती हसत म्हणाली. "आज काय घेऊन आलास, बदक?"

रेनोच्या निळ्या लोकरी स्वेटरच्या कोपरामागे एक पांढरा तुकडा चिकटला होता. वर्नानं तो नखानं सोडवला, आणि आम्ही सगळ्या जे करतो तेच केलं. असा तुकडा टाकवत नाही, समोर दिसेल त्या गुळगुळीत जागेवर चिकटवतो. तिनं तो सिंकवरच्या खिडकीच्या काचेवर लावला, अंगठ्यानं सपाट केला, आणि साखरेकडे वळली.

मग थांबली. परत वळली.

काचेमागे सरोवर होतं, राखाडी. त्यावर पांढरं डोकं. टोपी, एक कान खाली, एक वर.

"हे कशातलं आहे?" तिनं मला विचारलं.

रेनोनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, डॉक्टर स्प्रिंग बसवायला घेऊन जात होते तेव्हा. तो मागत होता. मी गप्प राहावं, एवढंच मागत होता. आणि दुसऱ्या बाजूला वर्ना उभी होती, साखरेचा चमचा हातात धरून, मार्चपासून उभी होती तशीच.

"ओनीच्या फोटोतलं," मी म्हणाले. "त्याच्या बुटांपाशी होतं."

टॅमीनं रडणं थांबवलं. चमच्यातली साखर थोडी थोडी जमिनीवर सांडत होती.

"खडकाच्या टोकापाशी," रेनो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "चर्चच्या खाडीवर नव्हतो आम्ही. टोकापलीकडे होतो. मी म्हटलं तिकडे मोठा मासा लागतो. मी म्हटलं, वर्ना."

वर्नानं चमचा खाली ठेवला.

"त्याच्या फोनवर फोटो काढला आणि मी आधी निघालो. एल्माला कळायच्या आत घरी पोचायचं होतं. मागे आवाज झाला. वळलो तर गाडी पाण्याखाली गेलेली आणि तो बर्फाच्या कडेला धरून होता. मी पोटावर झोपलो, सरकत गेलो. बर्फ माझ्याखाली वाकला, पाणी वर आलं. मी..." तो थांबला. "मी उलटा सरकत आलो."

"हाक मारली त्यानं?"

"हो."

"कुणाला?"

"मला."

"किती वेळ?"

रेनोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

टॅमी उभी राहिली, खुर्ची मागे पडली. "आम्ही रात्रभर खाडीवर होतो! तू माझ्या शेजारी चालत होतास! माझा कंदील धरला होतास तू!" तिचा आवाज फाटला होता. मला वाटलं ती त्याला मारणार, आणि मारलं असतं तर मी अडवलं नसतं. वर्नानं नुसता हात वर केला.

"मग तो एकटा नव्हता," ती म्हणाली. सावकाश म्हणाली, चव बघत असल्यासारखी. "मी म्हणत होते. वेडी म्हणालात मला."

कुणाकडे बघून म्हणाली नाही. मी मान खाली घातली.

साउना तापलेली होती. बाहेर धुराड्यातून धूर येत होता. वर्नानं खुंटीवरची पळी काढली आणि रेनोच्या हातात दिली. "जा," म्हणाली. "आज आम्ही कुणी बसणार नाही. शेवटचं पाणी तू टाक. दार लाव आणि उभा राहा तिथे."

तो गेला. आम्ही तिघी खिडकीतून बघत होतो, मधे काचेवर ते पांढरं डोकं. तो आत गेला, बाहेर आला, दार लावलं आणि कपाळ दाराला टेकवून उभा राहिला. त्याला काय ऐकू आलं ते त्यानं मला सांगितलं नाही. पण तो तसाच खाली बसला, ओल्या पायरीवर, पळी मांडीवर धरून. मी गेले नाही उचलायला. बऱ्याच वेळानं गेले.

सोमवारी त्यानं शेरिफला टोक दाखवलं. पाणबुडे गेले, तिथे तळ खोल आहे, काही हाती लागलं नाही. पण वर्नानं अंत्यविधी केला. टोकावरच्या खडकावर, वाऱ्यात, सगळं गाव होतं. रेनो लांब, झाडांपाशी उभा होता. कुणी त्याला ये म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी वर्ना माझ्याकडे आली होती. तो कागद परत घेऊन.

"नवीन काप," ती म्हणाली. "दोन्ही सालं घाल आता."

"घालते."

"आणि खालचं काही काढू नकोस. जसं निघालं तसं दे."

"वर्ना," मी म्हणाले, "गावात सगळे विचारतील सावली कुणाची आहे."

"विचारू देत. माझा नवरा एकटा नव्हता, एवढं मला रोज दिसू दे." दारापाशी जाऊन ती थांबली. "निंदणी तू कर. त्याच्याकडे देऊ नकोस."

मी केली. एवढं सोपं काम मला कधी इतकं जड गेलं नव्हतं. आता टॅमीच्या गाडीच्या काचेवर ओनी हसतोय, आणि त्याच्या बुटांपासून एक पांढरी सावली काचेच्या खालच्या कडेपर्यंत गेली आहे, एक कान ताठ. गाव लहान आहे, रस्ता एकच. तिची गाडी पुढे आली की रेनो आमची गाडी कडेला घेतो, इंजिन बंद करतो, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत थांबतो. मी शेजारी बसलेली असते.